निंबखेडीचे पाच रायभान

३ मार्च २०२५, सोमवार

ही वही तृप्तीने आणली. पाच वर्षं नोकरी नाही म्हणून कुरकुरलात, आता लागली आहे तर चार आनंदाच्या ओळीही लिहा, असं बायकोचं म्हणणं. हुकूम म्हणजे हुकूम. तर मी रायभान, वय एकतीस, मूळचा तीर्थपुरीकडचा, आजपासून निंबखेडीच्या गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. हत्तीवरून साखर वाटत नाही, पण छोट्या हत्तीत बसून आलो हे खरं. जाफराबादपासून मागे सामान, सामानावर मी, नि पुढे ड्रायव्हरशेजारी तृप्ती आणि तिच्या मांडीवर आमची शालू.

गाव दीडदोनशे उंबऱ्यांचं. मारुतीच्या पारासमोर नंदाबाईंचं घर आहे, त्यातल्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. पुढच्या खोलीची खिडकी गल्लीत उघडते, मागच्या खोलीचं दार परसात. नंदाबाई एकट्याच राहतात, मुलगा पुण्याला. सामान उतरायच्या आधी पिठलं-भाकरी आणि ठेचा पुढे आला. त्या ठेच्याने माझे कान अजून गरम आहेत.

जेवताना बाईंनी नाव विचारलं. सांगितलं तर वाढता हात थांबला. मग म्हणाल्या, अगं माय, अजून एक! गावात चार रायभान हायेत, तुमी पाचवे. आणि लगेच, आमी तुमाला डॉक्टरच म्हणणार बरं का, नावानं न्हाई. मी कसला डॉक्टर, पण लोक म्हणणार असतील तर नको कशाला म्हणा.

शालू आता अडीच वर्षांची होईल. हसते, नाचते, सांगितलेलं सगळं कळतं, पण अजून एक शब्द बोललेली नाही. जालन्याला मोनिका मॅडम म्हणून आहेत, अशा मुलांना बोलतं करतात. तिथून इथे एका दिवसात जाऊन येता येतं. खरं सांगायचं तर नोकरीपेक्षा या गोष्टीचा आनंद मला जास्त आहे. तिने एकदा बाबा म्हणावं, मग सरकारने मला कुठेही टाकावं.

६ मार्च, गुरुवार

आज माझे नामबंधू पाहून आलो. आजोबांचं नाव मला ठेवलं म्हणून शाळेत पोरांनी मला जाम छळलं होतं. वर्गात तीन-तीन सचिन आणि रायभान मी एकटा. इथे तर रायभानांचं पीक आलं आहे!

एक टेलर आहेत, साठीचे, पारामागे दुकान. माझ्या शर्टाचं माप घेताना स्वतःच गुदगुल्या झाल्यासारखे हसत होते. दुसरा वायरमन, चाळिशीचा, सदा मोटारसायकलवर, खांद्यावर दोरीचं वेटोळं. तिसरा काळीपिवळी जीप चालवतो, जाफराबादच्या फेऱ्या मारतो, लग्न झालेलं नाही आणि होणार नाही असं स्वतःच सांगतो. चौथे जिल्हा परिषदेच्या शाळेतले मास्तर, गावचेच, पन्नाशीचे. मोजकं बोलतात पण आवडले. चारही घरं वेगळी, कुणाचं कुणाशी नातं नाही.

एक गंमत लक्षात आली. या चौघांना गावात कुणीच नावाने हाक मारत नाही. टेलर, वायरमन, ड्रायवर, मास्तर. टेलरची बायकोसुद्धा त्यांना टेलर म्हणते. मी ड्रायव्हरला सहज ‘काय रायभान’ म्हटलं तर त्याने इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, डॉक्टर, तसं बोलू नका ना भाऊ, ड्रायवर म्हणा.

१९ मार्च, बुधवार

सध्या गुरांच्या कानात बिल्ले मारायचं काम चालू आहे. पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडी नंबर. आज कडूबाईंच्या शेतात त्यांच्या गोऱ्ह्याला बिल्ला मारला. कडूबाई म्हणजे ऐंशीची म्हातारी, पण गोऱ्ह्याचं शिंग तिने असं धरलं की मला जनावर अडकवायच्या खोड्याची गरजच पडली नाही.

बारा वाजले असतील. ऊन मी म्हणत होतं. सोंगून झालेल्या गव्हाच्या रानात चिटपाखरू नव्हतं. मागून कुणीतरी हाक मारली, रायभान. अगदी ओळखीच्या माणसाने मारावी तशी, जरा लांबून. मी वळून ओ देणार तोच म्हातारीने आपला तंबाखूचा हात माझ्या तोंडावर दाबला. चांगला दाबला. गोऱ्हा सुटून पळाला.

मग बांधावर बसवून तिने सांगितलं, मला काई ऐकू आलं न्हाई, पण तुमची मान फिरली ते दिसलं. या गावात तुमाला नुसत्या नावानं हाक आली तर ओ द्यायची न्हाई. आमी कुणीच तुमाला तसं बोलवत न्हाई, मंग बोलवलं कुणी ते समजून घ्या. ती हाक फक्त दुपारी येते. आपल्या धंद्याच्या नावानं हाक आली तर आपल्या माणसाची, बिलकुल ओ द्या. मी विचारलं, आजी, तुमचं नाव तरी असं का? तर म्हणाली, माझ्या आधीची चार भावंडं गेल्ती, म्हणून माझं नाव कडू ठेवलं, कुणाला खावंसं वाटू नये म्हणून.

रात्री तृप्तीला सांगितलं. आम्ही दोघं पोट धरून हसलो. हाक मात्र मी ऐकली होती, ते तिला सांगितलं नाही.

२ एप्रिल, बुधवार

जालन्याला जाऊन आलो. मोनिका मॅडमनी शालूला तासभर खेळवलं. म्हणाल्या, कानात दोष नाही, बुद्धीत नाही, बोलेल. फक्त एक पथ्य कडक पाळायचं. तिच्या तोंडातून कसलाही आवाज निघाला की त्याच क्षणी ओ द्यायची. हातातलं काम टाकून द्यायची. हाक मारली आणि उत्तर आलं नाही असं दोनचारदा झालं, तर अशी मुलं पुन्हा प्रयत्न करत नाहीत, कायमची मिटून जातात. पहिला शब्द तुटक येईल, लक्ष ठेवा.

येताना एसटीत तिने माझ्या मिशीला हात लावून ‘ब’ असा ओठ मिटल्यासारखा आवाज केला. मी एवढ्या जोरात ओ दिली की कंडक्टरने घंटी मारली. सगळी बस हसली, शालूही हसली.

१२ एप्रिल, शनिवार

हनुमान जयंती. पहाटे जन्म झाला, मग कीर्तन, मग महाप्रसाद. पंगत बसायच्या आधी सरपंच बद्रीनाथ यांनी माझा सत्कार ठेवला होता. लाळ्या-खुरकुताच्या लसी मी वेळेत टोचल्या, यापेक्षा मोठा पराक्रम माझ्या नावावर नाही. शाल-श्रीफळ घेतलं आणि माइक हातात आला. माइक हातात आला की माझं काय होतं ते तृप्तीला विचारा.

मी म्हणालो, सत्कार माझ्या एकट्याचा कशाला, या नावाचे पाच जण वेगवेगळे धंदे करून गावाची सेवा करतात, असं गाव महाराष्ट्रात दुसरं नसेल. आणि एकेकाला पुकारलं. रायभान टेलर! रायभान वायरमन! रायभान ड्रायव्हर! रायभान मास्तर! आणि मी, रायभान डॉक्टर! कर्णा पारावरच्या लिंबाला बांधलेला, आवाज पार शिवारापर्यंत गेला.

टाळी एकही वाजली नाही. टेलर खाली बघत बसून राहिले. वायरमन उठून गेला. मास्तर प्रशिक्षणाला जालन्याला गेले होते, नाहीतर त्यांनी मला थांबवलं असतं, हे आता वाटतं. बद्रीनाथांनी माइक हातातून काढून घेतला. कडूबाई जेवायची थांबली नाही, पदर तोंडाला लावून चालू पडली. घड्याळात बाराला पाच कमी होते. बुंदी मला गोड लागली नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

टेलर गेले.

आज दुपारी. त्यांची बायको आत भाकरी करत होती. मशीन चालू होतं ते थांबलं आणि टेलर ‘ओ, आलो’ म्हणाले, एवढं तिने ऐकलं. बाहेर आली तर मशीनवरच बसलेले, पाय पायट्यावर. मी धावत गेलो, गावात दुसरं कुणी नाडी बघणारं नाही. नाडी नव्हती. तोंड उघडं होतं, ‘ओ’ म्हणताना असतं तसं गोल. लोक म्हणाले हार्ट अटॅक. मीही म्हणालो.

जबडा मिटवायला गेलो तर बोटाला माती लागली. दातांवर, जिभेवर, आत घशापर्यंत. काळी, गार, ओली माती. एप्रिलच्या पंधरा तारखेला या गावात ओली माती कुठे आहे? हापशालासुद्धा पाणी नाही.

माझा शर्ट मशीनवर होता, एक बाही जोडायची राहिलेली.

१६ एप्रिल, बुधवार

कडूबाईंकडे मी स्वतः गेलो. तिने शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

निजामाच्या राज्यातली गोष्ट आहे, तिच्या आजीने सांगितलेली. गावविहीर खोदत होते. तळाला रायभान नावाचा एक खोदणारा होता, आणि कडा ढासळली. वरून लोक हाक मारायचे, रायभान! खालून ओ यायची. दोन दिवस असं चाललं. वरची माती सारखी खाली येऊन राह्यली होती, कुणी उतरायला धजेना. तिसऱ्या दिवशी जाणत्यांनी ठरवलं, विहीर बुजवून टाकायची. भर दुपारी कडेवर उभं राहून शेवटची हाक मारली. खालून ओ आली. तरी बुजवली.

पाप फेडायचं म्हणून मग दर पिढीत दोनचार घरांनी पोराचं नाव रायभान ठेवायचं ठरलं, त्याचं नाव चालू राहावं म्हणून. पण ती पोरं जाऊ लागली. दुपारी ओ द्यायची आणि जायची. कडूबाई म्हणाली, ती हाक मेलेल्याची न्हाई डॉक्टर, गावाची हाये. गावानं मारलेली. तिला आजपर्यंत बराबर ओ भेटली न्हाई, म्हणून ती फिरती. मग लोकांनी नाव झाकलं आणि धंद्याच्या नावानं बोलवणं सुरू केलं. तीस वर्षांत नवीन रायभान ठेवलेला नाही. हे चौघे गेले की सगळं मिटणार होतं, आपल्या मरणाने, म्हातारपणी.

तिला धंदे माहीत न्हवते, म्हातारी म्हणाली. तुमी सांगितले.

विहीर कुठे आहे असं विचारलं. पार तिच्यावरच बांधलेला आहे.

२१ एप्रिल, सोमवार

वायरमन. लाइन बंद करून खांबावर चढला होता. वरून खालच्या माणसांना म्हणाला, कोण बोलवतंय बे, ‘रायभान वायरमन’ म्हणून? आणि नंतर ओ दिली. दोरीने बांधलेला होता म्हणून पडला नाही, तसाच लटकून राहिला. तासाभराने उतरवला. तारेत करंट नव्हता, तीन जणांनी तपासलं.

मी तोंड उघडून पाहिलं नाही. उघडंच होतं.

टेलर, मग वायरमन. मी ज्या क्रमाने पुकारले त्याच क्रमाने.

२२ एप्रिल, मंगळवार

ड्रायव्हर रातोरात घर बंद करून जालन्याला गेला, बहिणीकडे, दैवशालाकडे. जाताना माझ्या दारात उभा राहिला. मला वाटलं मारेल. म्हणाला, डॉक्टर, तुमीबी निघा, लेकरू हाये तुमाला.

तृप्तीला सगळं सांगितलं. यावेळी ती हसली नाही. तिला नि शालूला माहेरी जा म्हणालो. तर म्हणते, मॅडमकडे दर आठवड्याला जायचंय, शालू आता ब-ब करायला लागलीय, तिच्यासमोरून तुम्ही नाहीसे झालात तर तेही बंद होईल. तिचं बरोबर आहे. बदलीचा अर्ज लिहून ठेवला आहे.

२६ एप्रिल, शनिवार

अर्ज फाडला.

ड्रायव्हर काल दुपारी जालन्यात वारला. दैवशालाबाईंचा फोन होता मास्तरांना. तो तिथे तीन दिवस दार लावून बसला होता. कुणी ड्रायवर म्हटलं की कान झाकायचा. काल बाराच्या सुमाराला भाचीने मामा म्हणून हाक मारली, असं त्याला वाटलं. त्याने ओ दिली. भाची शाळेत होती.

म्हणजे गावाबाहेर गेलं तरी येते. आणि आता नाव लागत नाही, धंदाही लागत नाही. आपण ज्या हाकेला ओ देऊ ती हाक ती शिकते.

२८ एप्रिल, सोमवार

मास्तर आले होते. त्यांना बघून मी रडलो, लाज वाटली नाही. पाया पडायला वाकलो तर त्यांनी धरलं. म्हणाले, तुमाला कुणी धड सांगितलं न्हाई ही गावाची चूक, आमाला लाज वाटायची सांगायला.

मग त्यांनीच उपाय काढला. हाक फक्त दुपारी येते, तर साडेअकरा ते एक आपण बोलायचंच नाही. खांद्यावरची दस्ती तोंडावर घट्ट बांधायची, आत कापडाचा बोळा. ओ निघणारच नाही. गावाला सांगितलं आहे, या वेळात आम्हाला कुणी हाक मारू नये, काम असेल तर येऊन खांद्याला हात लावावा.

आज बांधली. बाराला हाक आली. ‘डॉक्टर, गाय अडलीय, जल्दी चला.’ बद्रीनाथांचा आवाज, धापा टाकलेला. माझं तोंड दस्तीच्या आत उघडलं. उघडलंच! बांधलेलं नसतं तर—

नंतर विचारून आलो. त्यांची गाय अडलेली नव्हती. त्यांच्याकडे गायच नाही.

४ मे, रविवार

अजून मी आहे, मास्तर आहेत. रोज संध्याकाळी एकमेकांच्या दारात जाऊन नुसतं तोंड दाखवतो.

हाक रोज. तृप्तीच्या आवाजात, माझ्या वडिलांच्या आवाजात. वडील मी दहावीत असताना वारले. दस्तीला आतून दात लागून भोकं पडली आहेत.

९ मे, शुक्रवार

मोनिका मॅडमकडे. शालूने पूर्ण तासात एकही आवाज केला नाही. मॅडम चेंडू दाखवून बोल म्हणाल्या की ती दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबायची. घट्ट.

मॅडमनी विचारलं, घरी असं कोण करतं?

मी खांद्यावरची दस्ती पिशवीत कोंबली. मॅडम म्हणाल्या, कुणी करत असेल तर आजपासून थांबवा. अजून वेळ आहे, पण फार नाही.

येताना बसमध्ये तृप्ती खिडकीबाहेर बघत होती. जाफराबाद आल्यावर म्हणाली, तुम्ही जगाल हो असे, पण हिचं काय?

१० मे, शनिवार

ठरलं. दुपारी मी पुढच्या खोलीत, शालू मागच्या खोलीत झोळीत. मधलं दार लोटलेलं. माझी पाठ दाराकडे. तिला दस्ती बांधलेला बाप पुन्हा दिसता कामा नये, हे तृप्तीने माझ्याकडून कबूल करून घेतलं आहे. आवाज ऐकू आला की ओ ती देईल.

१४ मे, बुधवार

मास्तर गेले.

दस्ती बांधलेलीच होती. घट्ट. त्यांची बायको म्हणते आईची हाक आली असणार, झोपेत ते आईशी बोलायचे. त्यांनी दस्तीतूनच ओ दिली. नुसता घशातला आवाज. तेवढा पुरला.

दस्ती मी सोडली. आत बोळा नव्हता. मातीच होती.

कडूबाई दारातूनच बघून गेली. माझ्याकडे न बघता.

१५ मे

मी एकटा.

दवाखान्यात गेलो नाही. कुणी गुरं आणत नाही. लोक मला बघून गल्ली बदलतात. त्यांच्यावर राग नाही. मीही बदलली असती.

बोळा आता मोठा घेतो. श्वास कोंडतो. आज ओकारी आली.

किती दिवस? तीस वर्षं अशी काढायची? शालूच्या लग्नातही?

१६ मे

शालूने आज सकाळी ‘ब’ म्हटलं! चहा पिताना. माझ्याकडे बघून. मी ओ दिली, ती हसली. मग पुन्हा तोंड उघडलं, दुसरा ‘बा’ येणार होता— आला नाही. नंदाबाईंची बादली पडली, ती दचकली.

पण येणार. एकदोन दिवसांत येणार. तृप्ती मागच्या खोलीत जाऊन रडली.

दुपारी सकाळचंच सगळं पुन्हा ऐकू आलं. ‘ब’. बाहेरून, पाराकडून. शालूचाच आवाज.

सकाळी आम्ही खिडकी उघडी ठेवून बसलो होतो. आता ती लावून काय उपयोग.

१७ मे

तृप्तीला सांगितलं नाही. कसं सांगू? पोरीच्या पहिल्या शब्दाची आपण वाट बघायची, आणि त्यालाच ओ देऊन मी गेलो तर— शालूला आयुष्यभर—

नाही सांगत.

१८ मे, रविवार

११.३० — दस्ती बांधली. तृप्तीने शालूला झोळीत टाकलं. झोका देताना तृप्तीचा ‘आ आ’ ऐकू येत होता, मग थांबला. दार लोटलं. माझी पाठ दाराकडे. लिहितो म्हणजे लक्ष वहीत राहतं.

११.५० — झोळीची दोरी करकरते आहे. मंद. शालू झोपलेली असावी. तृप्तीची चाहूल नाही. परसात असेल.

१२ — गल्ली रिकामी. ऊन.

१२.०५ — बा... बा

आतून. झोळीतून. पाराकडून नाही. दाराच्या मागून.

दोन तुकडे. मॅडम म्हणाल्या होत्या तसंच, तुटक.

तृप्ती ओ का देत नाही?

दस्तीतून मी तिला हाक मारू शकत नाही. दारात जावं तर शालू मला असं बघेल. कबूल केलंय.

पुन्हा. बा-बा. आता सरळ. शेवटी वर नेलेला सूर. विचारल्यासारखा. आहे का म्हणून.

कुणी ओ देत नाही. दोरी करकरते. ती वाट बघत असेल.

ही ती हाक असेल तर? शालू नसेल तर मी जाईन. पण शालू असेल आणि मी गप्प बसलो तर ती पुन्हा कुणाला हाक मारणार नाही. मॅडम म्हणाल्या कायमची. मी चार माणसं मारली आहेत. पाचवी म्हणून तिला—

नाही. तिला नाही.

दस्ती सोडली. बोळा काढला.

तिसरी हाक. रडवेली.

ओ दिली. ओ बाळा, आहे मी, म्हणालो. मोठ्याने.

आत शांत. दोरी थांबली.

शालू?

खिडकीतून तृप्ती दिसते. नंदाबाईंबरोबर गल्लीतून येतेय. उन्हात, डोक्यावर पदर. कडेवर शालू. शालू तिच्या कडेवर आहे. मागच्या दाराने नेली असेल, झोपत नव्हती म्हणून—

जिभेवर गार काहीतरी

तृप्ती, तुझी चूक नाही. ऐक. तिने हाक मारली की लगेच, हातातलं टाकून, माझ्यासारखं घाबरून थांबू नकोस, तिला ओ